समोरच्या गाडीचा दिवा

परोपकार म्हणून केलेलें प्रत्येक कृत्य परोपकारच असतें असें नाहीं. पुष्कळदां ती केवळ आपापसांतील सोय असते. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर याचें एक उदाहरण वारंवार दृष्टीस पडतें. नसरापुराहून वेल्ह्याकडे किंवा भोरहून महाडकडे मोटार चाललेली असतां समोरून येणारी गाडी दिव्याची दोनतीनदां उघडझाप करते. अर्थ इतकाच कीं, पुढें पोलीस उभे आहेत, वेग आवरा. आपली गाडी तत्काळ मंदावते, चालविणारा हात हालवून आभार मानतो, आणि मागें बसलेलीं मुलें सौजन्याचा हा प्रकार लक्षपूर्वक पाहत असतात.

या सौजन्याची परीक्षा करावयाची तर दिव्याची मूळ भाषा आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. नीरा-देवघर धरण मागें टाकून रस्ता वरंध घाटांत शिरला म्हणजे वळणापलीकडचें कांहीं दिसत नाहीं. पावसाळ्यांत त्यांत धुक्याची भर पडते; दरडींच्या भीतीनें हा घाट कधीं अवजड वाहनांस, तर कधीं सर्वच वाहनांस बंद ठेवावा लागतो. अशा ठिकाणीं समोरच्यानें दिवा दाखविला म्हणजे पुढें दरड आली आहे, एस. टी. वळणावर अडकली आहे, किंवा गुरें रस्त्यावर बसलीं आहेत, असें समजावयाचें. ही खूण जीव वाचविण्यासाठीं होती; तीच आतां दंड वाचविण्याच्या कामीं लागली. ‘लांडगा आला रे’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतों. पण तिचें तात्पर्य येथें विसरतों. सरळमार्गी मनुष्य मनांत म्हणतो, ‘पोलीस असतील, माझे कागद चोख आहेत’, आणि त्याच वेगानें वळण घेतो. पुढें खरोखरच दरड असली तर?

यावर कोणी म्हणेल, ‘दिवा पाहून वेग तर कमी झाला ना? मग कायद्याचा हेतु साधलाच.’ हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जेथें कॅमेऱ्यानें वेग टिपावयाचा, तेथें तशी सूचना देणारा फलक ठळक लावावा, असें २०२१ चे केंद्रीय नियमच सांगतात. लोकांस गाफील गांठावें असा कायद्याचा हेतु नव्हे. परंतु फलक आणि दिवा यांत मोठें अंतर आहे. फलक नित्य तेथेंच उभा असतो. दिवा मात्र सांगतो कीं, एवढे दोन फर्लांग सांभाळा, पुढें रान मोकळें आहे. त्या मोकळ्या रानांतच पुढचें गांव असतें. शाळेंतून परतणारीं मुलें असतात, मोळी घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी असते. त्यांच्यासाठीं तेथें पोलीस नसतो.

थोडें गणित मांडूं. २०१८ च्या अधिसूचनेनें मोटारीस दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशीं १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरली. स्थळ पाहून ती आणखी खालीं आणतां येते. सातारा रस्त्यावरचा शंभराचा वेग नसरापूर फाट्यावर वळल्यावरहि पायांतून जात नाहीं, हीच अडचण. ७० च्या वेगानें गाडी सेकंदांत सुमारें १९ मीटर जाते, १०० च्या वेगानें जवळजवळ २८. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एकच सेकंद गेला असें धरलें, तरी आठ मीटरांहून अधिक फरक पडतो. शिवाय आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तो दुप्पट होतो. आणि लाभ काय? तीस किलोमीटरांच्या वाटेंत जेमतेम आठ मिनिटें.

गाडी अडविली जाते तेव्हां घराच्या वळणाची खरी परीक्षा होते. गणवेशांतील पोलीस अधिकाऱ्यानें परवाना मागितल्यास तो दाखविणें हें १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें आपलें कर्तव्य आहे. वेगाबद्दल हलक्या वाहनास १००० ते २००० रुपये दंड २०१९ च्या दुरुस्तीनें ठरला. तो भरावा, रीतसर पावती घ्यावी. आरोप चुकीचा वाटल्यास तसें शांतपणें सांगावें आणि योग्य मार्गानें दाद मागावी. पण कित्येक घरांत अशा वेळीं कोणा बड्या आप्तास दूरध्वनि लागतो, किंवा घडी घातलेली नोट पुढें होते. दोन हजार वाचतात, पण मागें बसलेलें दहा वर्षांचें मूल त्या पांच मिनिटांत जें शिकतें, तें पुढें कोणत्याहि पाठ्यपुस्तकानें पुसलें जात नाहीं.

म्हणून वडील मंडळींस एवढीच विनंति, कीं प्रवासास अर्धा तास आधीं निघावें आणि ‘जरा हाण कीं!’ हे शब्द मागच्या आसनावरून ऐकूं येऊं देऊं नयेत. दिवा अवश्य दाखवावा. दरड, गुरें, अपघात, रस्त्यावर आलेलें मूल यांसाठीं मुक्तहस्तानें दाखवावा. मात्र ‘तुम्हीं दिवा कां दाखविला?’ असें मुलानें विचारल्यास खरें उत्तर देतां येईल, अशाच कारणासाठीं दाखवावा.