पहिलीला तोट्यात, दहावीला अव्वल

मे २०२५ मध्ये दहावीचा निकाल लागला आणि कोकण विभाग पुन्हा पहिला आला. ९८.८२ टक्के. राज्याचा निकाल ९४.१०, शेवटच्या क्रमांकावरच्या नागपूर विभागाचा ९०.७८. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग, त्यामुळे दोन्हीकडे अभिनंदनाचे फलक लागले. ते लागावेत; यातल्या एकाही मुलाचं यश मला कमी लेखायचं नाही. संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सिंधुदुर्गाच्या शिक्षणाला शाबासकी देणारं सरकारच दुसऱ्या एका कागदावर याच जिल्ह्यातल्या शाळा न परवडणाऱ्या ठरवतं. तो कागद संचमान्यतेचा. पटावर मुलं किती, त्यावरून शिक्षक किती. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाचे सगळे निकष इथे सांगत नाही. त्या निर्णयानुसार सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही, एवढं पुरे.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. २०२५ ला दहावी झालेलं मूल साधारण २०१५ च्या जूनमध्ये पहिलीत बसलं होतं. वैभववाडी, दोडामार्ग, देवगडच्या वाड्यांमधल्या पुष्कळशा मुलांची पहिली म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत मूल तिथे शिकतं, मग पंचक्रोशीतल्या एखाद्या अनुदानित हायस्कुलात जातं आणि त्या हायस्कुलाच्या नावावर परीक्षेला बसतं. निकालही हायस्कुलाच्याच नावावर लागतो. ज्या शाळेनं त्याला अक्षर ओळखायला, वाक्य वाचायला आणि भागाकार करायला शिकवलं, तिचं नाव निकालपत्रात कुठेच नसतं. तिचं नाव येतं ते कमी पटाच्या यादीत. म्हणजे एकाच मुलाच्या शिक्षणाच्या सुरुवातीला आपण डोकी मोजतो आणि शेवटी टक्के मोजतो. सुरुवातीचं माप सांगतं, शाळा तोट्यात. शेवटचं माप सांगतं, जिल्हा अव्वल. ही दोन्ही विधानं एकाच तुकडीबद्दल केली जातात आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारणारा स्तंभ कोणत्याही तक्त्यात नाही. २०१५ ला पहिलीत नाव घातलेल्यांपैकी किती जण २०२५ ला दहावी झाले, किती आईबापांबरोबर मुंबईला किंवा गोव्याला गेले, किती नापास होऊन मागे राहिले, किती कायमचे गळाले, हाच जिल्ह्याच्या शिक्षणाचा खरा ताळेबंद. ९८.८२ हा आकडा फक्त परीक्षेला बसलेल्यांचा आहे. जे त्या बाकापर्यंत पोचलेच नाहीत ते त्यात धरलेले नाहीत. हा ताळेबंद मांडणं आज अवघडही नाही. सरल प्रणाली २०१५ मध्येच आली. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाची वर्षावर्षाची नोंद शिक्षकांनी रात्री जागून, नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन भरलेली आहे. त्या नोंदीचा उपयोग पट मोजण्यासाठी होतो, पटावरच्या मुलाचं पुढे काय झालं हे पाहण्यासाठी होत नाही.

पट कमी झाला याचा अर्थ शाळा वाईट, हे गृहीत इतकं रुजलं आहे की ते कोणी तपासतही नाही. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. जिथे माणसंच कमी होत आहेत आणि तरुण जोडपी पोटासाठी बाहेर आहेत, तिथे पहिलीत चार मुलं येणार, शिक्षक कितीही जीव ओतो. काही मुलं इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसून तालुक्याला जातात हेही खरं आणि त्याचा हिशेब शाळेनं द्यायला हवा. पण त्यासाठी गावात त्या वयाची मुलं किती आणि त्यातली आपल्या शाळेत किती, हे गुणोत्तर लागतं. नुसता पट हे शाळेचं मोजमाप नव्हे, तो गावातल्या जन्मांचा आणि स्थलांतराचा आकडा आहे. त्यावरून शिक्षकाला दोषी धरणं हा उघड अन्याय आहे.

टक्क्यांचंही तसंच. चौथीत चार मुलं असतील आणि त्यातलं एक अडखळत वाचत असेल, तर शाळेची प्रगती पंचाहत्तर टक्के. पुढच्या वर्षी चारही मुलं वाचणारी आली तर शंभर. शिक्षक तोच, फळा तोच, शिकवण्याची रीत तीच; तरी आढावा बैठकीत पहिल्या वर्षी कानउघाडणी आणि दुसऱ्या वर्षी सत्कार. लहान शाळा अशा याद्यांमध्ये अगदी वर आणि अगदी खाली, दोन्हीकडे गर्दी करतात, ते याच कारणानं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या शाळांवर थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी वीसेक वर्षांपूर्वी हेच आकड्यांनिशी दाखवलं होतं. मोठ्या संख्येतही माप बदललं की क्रम बदलतो. २०२५ मध्ये शंभर टक्के गुण मिळवणारे २११ विद्यार्थी होते, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. उत्तीर्णांच्या टक्केवारीत हाच लातूर विभाग नऊपैकी आठवा होता. कोकणात असे नऊ विद्यार्थी, पण परीक्षार्थींच्या मानानं पाहिलं तर अवाढव्य पुणे विभागातल्या तेरांपेक्षा ते प्रमाण कितीतरी जास्त. मग चांगलं कोण? प्रश्न कोणता विचारता, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

कोकणचा पहिला क्रमांक निव्वळ योगायोग, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ होता, तो २०२५ मध्ये पावणेदोन टक्क्यांनी घसरला. नागपूर विभाग ९४.७३ वरून जवळजवळ चार टक्के खाली आला. कोकण ९९.०१ वरून ९८.८२ वर आला, म्हणजे हललाच नाही. इतकी वर्षं टिकणारी गोष्ट नशिबाची नसते. पण तिचं श्रेय कोणाला? नागपूर विभागात गडचिरोली येतं, जिथे मूल घरी गोंडी किंवा माडिया बोलतं आणि शाळेत पहिल्याच दिवशी मराठी ऐकतं. त्या मुलाला दहावीपर्यंत आणणाऱ्या शिक्षकानं कदाचित जास्त अंतर कापलेलं असेल. सुरुवात कुठून झाली हे न पाहता शेवटचे आकडे शेजारी मांडणं कोकणाला फुकटचा मान देतं आणि गडचिरोलीला फुकटची नाचक्की. केंद्र सरकारच्या जिल्हा कामगिरी निर्देशांकातही सहाशे गुणांपैकी २९० निष्पत्तीला आहेत. दक्ष, उत्कर्ष, अतिउत्तम अशा श्रेणी मिळतात, पण मूल कुठून निघालं हे त्या श्रेणीवरून कळत नाही.

कमी पटाच्या शाळांतली मुलं एकाच मोठ्या शाळेत आणायची, या समूह शाळेच्या कल्पनेचे समर्थक म्हणतील, चार मुलांच्या वर्गात ना खेळ, ना स्पर्धा, ना गप्पा. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतला जमलं तसं बस देऊन एकत्र आणा. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. एकट्या मुलाचा वर्ग ही चांगली गोष्ट नाही, आणि जिथे रस्ता बारमाही आहे, बस रोज वेळेवर येते, पालक राजी आहेत, तिथे एकत्रीकरणाला माझा विरोध नाही. पण शिक्षण हक्क कायद्यातलं एक किलोमीटरचं अंतर कोकणात नकाशावर मोजून चालत नाही. मध्ये वहाळ असतो, जुलैत साकव पाण्याखाली असतो, आणि सहा वर्षांच्या मुलीला एकटं पाठवायला आई तयार नसते. शाळा बंद केल्यानंतर त्या वाडीतली किती मुलं नव्या शाळेत रोज हजर होती, हा आकडा एकत्रीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत बंधनकारक करा, मग चर्चा करू.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक मुलाची वाटचाल मोजणं खर्चिक, आणि शिक्षकाच्या हाती दिलं तर तो गुण फुगवणार. खर्चाचं म्हणाल तर लहान जिल्ह्याला हे सगळ्यात स्वस्त पडेल. अठरा मुलांच्या शाळेत केंद्रप्रमुख एका दिवसात प्रत्येक मुलाकडून उतारा वाचून घेऊ शकतो, दोन गणितं सोडवून घेऊ शकतो. गुण फुगवण्याची भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणून शेजारच्या केंद्राचे शिक्षक तपासायला पाठवा आणि काही शाळांची फेरतपासणी करा. पायाभूत आणि संकलित चाचण्या तशाही होतातच, फक्त एका वर्षाचा कागद दुसऱ्या वर्षाला जोडला जात नाही. त्याच कागदावर आणखी एक रकाना हवा: वर्षात किती महिने शाळेला पुरे शिक्षक होते. बाहेरच्या जिल्ह्यातले उमेदवार कोकणात नेमायचे आणि आंतरजिल्हा बदलीत ते निघून गेले की पद रिकामं ठेवायचं, या खेळाचे चटके सिंधुदुर्गाच्या मुलांनी वर्षानुवर्षं सोसले आहेत. त्याची जबाबदारी शाळेवर टाकता येणार नाही.

शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला परत आणा, हे मी २०२५ च्या या निकालापर्यंत पुन्हा पुन्हा लिहीत होतो. ती पाचवीला नेल्यापासून पहिली ते चौथीच्या हजारो शाळांना आपली मुलं बाहेरच्या कसोटीवर उतरवण्याची संधीच उरलेली नव्हती, आणि त्या शाळांकडे दाखवायला फक्त पट राहिला होता. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेनं २०१५ च्या पहिलीची यादी काढावी, २०२५ च्या दहावीच्या यादीशी ताडून पाहावी आणि जे निघेल ते तालुकावार, शाळेच्या नावासह छापावं. संचमान्यतेचा पुढचा कागद सही होण्याआधी तो आकडा मंत्रालयाच्या टेबलावर असायला हवा.