परवाना पेणचा, रस्ता परक्या शहराचा
पेण (खास प्रतिनिधी) - हमरापूर, जोहे परिसरातील कारखान्यांतून गणेशमूर्ती पावसाळ्यापूर्वीच परदेशी रवाना होतात. आता माणसांचेही जाणे वाढले आहे. कुणी मुलाकडे लंडनला, कुणी लेकीकडे न्यू यॉर्कला, तर कुणी चार दिवस दुबईला. तेथे भाड्याची मोटार घ्यायची तर बहुधा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मागितला जातो. जिल्ह्याच्या या भागातील रहिवाशांना तो पेणच्या परिवहन कार्यालयातून, म्हणजे ‘एमएच ०६’मधून मिळतो.

हा परवाना म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जाणारा हा दस्तऐवज मूळ परवान्याचा अनेक भाषांतील अनुवाद आहे, एवढेच. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. शुल्क एक हजार रुपये, मुदत फार तर एक वर्ष. २०२१ मध्ये वैद्यकीय दाखल्याची आणि अर्जाच्या वेळी व्हिसा असण्याची अट काढून टाकण्यात आली. २०२२ मध्ये देशभरासाठी एकच नमुना ठरला आणि त्यावर क्यूआर कोड आला. कागद सुलभ झाला, हे स्वागतार्हच. परंतु उजव्या बाजूने गाडी चालवता येते का, हे अर्जदाराला या प्रक्रियेत कुणीही विचारत नाही.

दुबई आणि न्यू यॉर्कमध्ये वाहतूक उजवीकडून चालते. गर्दीत हे फारसे जड जात नाही, कारण पुढच्या गाडीमागे जाता येते. धोका असतो तो पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, डावीकडे वळताना. अशा वेळी हात आपोआप जुन्या सवयीने वळतात. (दिवा द्यायला जावे तर पुष्कळदा काचेवरचा वायपर फिरू लागतो, तो भाग निराळा.) रात्रभराच्या विमानप्रवासानंतर विमानतळावरच किल्ली हाती घेणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

लंडनमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, म्हणून आपला माणूस तेथे निर्धास्त असतो. पण तेथे फसवते ती सवयींची भाषा. मुंबई-गोवा महामार्गावर समोरच्याने प्रखर दिवे उघडझाप केले, तर ‘मी येतोय, थांब’ असा त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये अनेक चालक तीच खूण ‘तुम्ही आधी जा’ अशा अर्थाने करतात. तेथील नियमपुस्तिकेला हा अर्थ मान्य नाही, तरीही रूढी तीच आहे. दोन्हीकडचे चालक आपापल्या अर्थाने पुढे सरकले की काय होईल, हे सांगायला नको. जानेवारी २०२२ पासून तेथे झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल ठेवण्यासाठी थांबलेल्या पादचाऱ्यालाही वाट द्यावी, असे नियमपुस्तिका सांगते. वडखळ नाक्यावर घडलेल्या चालकाला हे अंगवळणी पडायला वेळ लागणारच.

न्यू यॉर्कची तऱ्हा आणखी वेगळी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते. न्यू यॉर्क शहरात, तशी पाटी नसेल तर, येत नाही. शहरातील सर्वसाधारण वेगमर्यादा २०१४ पासून ताशी २५ मैल आहे. मुले चढवण्या-उतरवण्यासाठी तांबडे दिवे लावून शाळेची बस उभी राहिली की समोरून येणाऱ्यालाही थांबावे लागते.

पैशाचा भाग पाहुण्याच्या लक्षात उशिरा येतो. लंडनच्या मध्यभागी गर्दी शुल्क २००३ पासून, दुबईत ‘सालिक’ पथकर २००७ पासून, तर मॅनहॅटनमध्ये असेच शुल्क जानेवारी २०२५ पासून आहे. ही वसुली कॅमेऱ्यांनी वा टॅगने होते. नाक्यावर कुणी पावती फाडत नाही. दंड झाल्यास सूचना गाडीच्या मालक कंपनीकडे जाते आणि ती रक्कम, अनेकदा स्वतःच्या हाताळणी शुल्कासह, ग्राहकाच्या क्रेडिट कार्डातून वळती होते. विम्यात कोणते नुकसान धरले आहे आणि दुसऱ्या चालकाचे नाव करारात आहे का, हे सही करण्यापूर्वीच वाचून घ्यावे लागते. नाव नसलेल्या मुलाने किंवा जावयाने चाकामागे बसून अपघात केला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.