जुना पट, नवे नियम

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मेहकरास आमच्या घरीं एक लहानसा तंटा झाला. तंटा घरगुतीच, परंतु त्यांतील प्रश्न पुष्कळ घरांतला असल्यामुळें तो वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत सर्व अण्णा म्हणतात, आपल्या अकरा वर्षांच्या नातीशीं ओसरीवर बुद्धिबळें खेळावयास बसले. नातीनें पहिल्याच खेळींत राजापुढील प्यादें दोन घरें सारलें.

"अगं, प्यादं कधीं दोन घरं चालतं का?"

"आजोबा, असंच असतं. शाळेंत आम्हांला असंच शिकवलंय."

पुढें तिनें राजा व हत्ती एकाच खेळींत हालविले, तेव्हां अण्णांनीं मोहरीं गोळा केलीं, पट फडक्यांत बांधला आणि "हा खेळ आमचा नव्हे" असें म्हणून ते उठले. पंधरा दिवस पट सुटला नाहीं. मुलगी मोबाइलवर अनोळखी माणसांशीं खेळूं लागली आणि अण्णा वाचलेलेंच वर्तमानपत्र पुन्हां चाळूं लागले.

खेळाची नवी आवृत्ति जुनीहून सरस असते काय, हा यांतला प्रश्न. अण्णांच्या खेळास देशी बुद्धिबळ म्हणतात. तो आम्हां भावंडांस वडिलांनीं शिकविला. त्यांत प्यादें आरंभापासून एकच घर चालतें. किल्लेकोट नाहीं, त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं राजास एकदांच घोड्याची चाल मिळते. शेवटच्या ओळींत पोहोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं जाईल तोच मोहरा होतें. एकटा राजा उरला म्हणजे बुर्जी होऊन डाव बरोबरींत सुटतो, आणि प्याद्यानें केलेली मात सर्वांत मानाची. नव्या खेळांत प्यादें प्रथम दोन घरें जाऊं शकतें, राजा किल्लेकोटांत शिरतो, आणि पार पोहोंचलेलें प्यादें बहुधा वजीरच होतें.

अण्णांचें म्हणणें असें कीं, वडीलधाऱ्यांनीं घालून दिलेला नियम मोडण्याचा अधिकार कोणास? येथें आमचा नाइलाजानें मतभेद झाला. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत चतुरंगावर श्लेष केला आहे. त्या प्राचीन खेळांत वजिराच्या जागीं मंत्री असे, व तो बिचारा तिरकें एकच घर चाले. पटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवणारा वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण युरोपांत जन्मला आणि तिकडून पुढें आपल्या देशी खेळांत आला. म्हणजे अण्णा ज्यास सनातन समजतात तीहि एक सुधारलेली आवृत्तिच. ती कोणा पूर्वजानें अशीच कुरकुरत स्वीकारली असेल.

परंतु नवें तें चांगलेंच, हा नातीचा पक्षहि आम्हांस मान्य नाहीं. सोंगट्यांचा पट पाहावा. समोरासमोरचे दोघे भिडू, कवड्यांचें दान, कोणती सोंगटी काढावी व भिडूस केव्हां सांभाळून घ्यावें याचा विचार. इंग्लंडांत १८९६ सालीं लुडोचें पेटंट घेतलें गेलें. त्यांत कवड्यांच्या जागीं एक फांसा आला आणि भिडू गेला. ज्यानें त्यानें आपापल्या चार सोंगट्या घरीं न्याव्या. खेळ सोपा झाला, मुलांस आवडला. पण दोघांनीं मिळून जिंकण्याची गोडी गेली. ही आवृत्ति नवी खरी, पण तिला सुधारणा म्हणवत नाहीं.

तेव्हां दोन गोष्टी पाहाव्या. नियम बदलल्यानें विचारास वाव वाढला कीं घटला? आणि अधिक माणसें एका पटावर बसूं लागलीं कीं दुरावलीं? बुद्धिबळाच्या बाबतींत पहिल्या प्रश्नाचें उत्तर दोहों बाजूंनीं देतां येईल. नव्या खेळांत डाव लौकर भिडतो. देशी खेळांत आधीं सावकाश फळी रचावी लागते, व तेंहि एक शास्त्रच आहे. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र निःसंशय नव्या खेळाच्या बाजूचें आहे. देशी नियम गांवोगांव निराळे. पंजाबचे सुलतान खान देशी नियमांवर वाढले; त्यांनीं १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें, तरी आरंभींच्या खेळ्यांत ते कच्चेच मानले गेले. उलट आपल्या विदर्भांतली, नागपूरची दिव्या देशमुख जगाच्याच नियमांनीं लहानाची मोठी झाली व जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकून आली.

हें सर्व आम्हीं अण्णांस सांगितलें. ते शांतपणें ऐकून म्हणाले, "तुझं सगळं खरं. पण मग मी माझा डाव कुणाशीं खेळूं?"

यावर आम्ही निरुत्तर झालों. इतका वेळ आम्ही खेळाविषयीं बोलत होतों आणि अण्णा माणसांविषयीं. तोड काढली ती वहिनींनीं. त्या माजघरांतून म्हणाल्या, "एक डाव यांच्या रीतीचा, एक तिच्या. त्यांत एवढं काय?"

तसें झालें. अण्णांच्या डावांत नातीस प्याद्यानें मात बसली. नातीच्या डावांत अण्णा वीस खेळ्यांत हरले. किल्लेकोटास ते अद्याप पळपुटेपणाच म्हणतात. परंतु मुलीनें एक वही घेऊन त्यांचे नियम उतरून काढण्यास आरंभ केला, तेव्हां निराळीच अडचण निघाली. प्यादें राजाच्या स्वतःच्या घरीं पोहोंचल्यास त्याचें काय करावयाचें, हें अण्णांस आठवेना, व आम्हांसहि आठवेना. विचारावें तर वडील नाहींत, त्यांचे सोबतीहि नाहींत. वहींत ती जागा कोरी आहे.

म्हणून वाचकांस विनंति इतकीच कीं, मुलांस नवा खेळ खुशाल खेळूं द्यावा, त्यांत त्यांचें कल्याण आहे. परंतु घरांत जुना डाव जाणणारें कोणी असेल तर याच सुटींत त्यांच्याजवळ बसून तो एकदां खेळून घ्यावा व लिहून ठेवावा. नवी आवृत्ति पुढेंहि मिळत राहील. जुनी मात्र सांगणारा आहे तोंवरच.