दोन घरांतील एक पाटी

चिरंजीवांनी गेल्या वर्षी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मजकडे बेळगावला पाठवून दिला. "बाबा, अजून चांगला चालतो की हो, तुमच्या लिखाणाला पुष्कळ झाला," असे पुण्याहून फोनवर सांगितले. या सदराचे वर्षभरातील लेख मी त्याच यंत्रावर लिहिले आहेत. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे मुलांकडून आलेले यंत्र असेल. आमच्या लहानपणी थोरल्याचे सदरे धाकट्याकडे येत. आता धाकट्यांची यंत्रे थोरल्यांकडे येतात, इतकाच फरक.

श्रावणातील एका रात्री लेखातील एक परिच्छेद उचलून खाली न्यावयाचा होता. उचलला, पण ठेवताना बोट शेजारच्या कळेवर पडले आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. तीत मजकुरांची यादी होती. सर्वांत वर माझा परिच्छेद. त्याखाली एका दुकानाचा पत्ता, कसला तरी क्रमांक, कचेरीच्या कामातील दोन इंग्रजी वाक्ये. आणि त्यांच्याही खाली मराठीत एक ओळ, जी मी लिहिलेली नव्हती. ती मी दोनदा वाचली. मग उमगले की, ही ओळ सुमारे ३४० किलोमीटरवर पुण्यात बसलेल्या माझ्या मुलाने त्याच सायंकाळी कोठून तरी उचलली होती आणि ती माझ्या टेबलावर येऊन पडली होती.

ती ओळ कोणती, हे येथे सांगणार नाही. बापाने ती वाचावी अशी कोणत्याही मुलाची इच्छा नसती, एवढे पुरे.

झाले होते ते असे. लॅपटॉप आला तो चिरंजीवांच्या खात्यासह आला. त्याने कामाच्या सोयीसाठी दोन्ही यंत्रांचा क्लिपबोर्ड एकत्र जोडून ठेवला होता, आणि जुने यंत्र देताना ती जोडणी तोडावयाची राहून गेली. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या घरचा.

हा क्लिपबोर्ड म्हणजे मुळात एक पाटी. शाळेच्या हस्तलिखित वार्षिकासाठी आम्ही मजकूर कात्रीने कापून खळीने दुसरीकडे चिकटवीत असू. तीच कृती संगणकावर आणली ती लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी, १९७० च्या दशकाच्या मध्यास, झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. (टेस्लर २०२० मध्ये निवर्तले.) उचललेला मजकूर ठेवावयास एक जागा लागे, ती हीच. तिचा गुण असा की, तिच्यावर एका वेळी एकच गोष्ट राही. दुसरी उचलली की पहिली पुसली जाई. यंत्र बंद केले की पाटी कोरी. तिच्यावर भरवसा ठेवावा लागत नसे, कारण ती काही लक्षातच ठेवीत नसे.

पुढे माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन यंत्रे आली आणि एकावर उचललेले दुसऱ्यावर मिळावे अशी निकड निर्माण झाली. ॲपलने २०१६ मध्ये एकाच खात्याच्या, जवळजवळ असलेल्या यंत्रांत ही सोय दिली. विंडोज १० मध्ये ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून उचललेल्या २५ पर्यंत गोष्टींची यादी ठेवण्याची आणि मालकाने तसे ठरविल्यास ती आपल्या दुसऱ्या यंत्रांवर पाठविण्याची योजना आली. सोय खरीच मोठी आहे. मोबाईलवर आलेला पत्ता संगणकावर पुन्हा टंकावा लागत नाही. पण या सोयीत पाटीची वही झाली आणि एका घरातील वही दोन घरांत उघडू लागली.

मी दोन दिवस गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत मला माझे लहानपण वारंवार आठवत होते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. आमच्या गल्लीत घरटी कोणी ना कोणी पलटणीत. १९८० च्या सुमारास मी पाचवी-सहावीत असेन. अक्षर बरे म्हणून शेजारच्या मावश्या मजकडून पत्रे लिहवून घेत आणि आलेली वाचवून घेत. साधा मजकूर असला तर पोस्टकार्ड. ते पोस्टमनापासून सासऱ्यापर्यंत सर्वांनी वाचावयाचे, हे गृहीतच असे. मनातले असले की अंतर्देशीय पत्र, आणि मी त्याला डिंक लावून होईपर्यंत मावशी समोरून हलत नसे. दहा वर्षांच्या मुलास ती आपल्या संसाराचे सारे सांगून टाकी. आई मला बजावी, "पत्र लिहून उठलास की ते तिथंच संपलं. बाहेर एक अक्षर न्यायचं नाही." मी नेले नाही. काही मजकूर आज पन्नाशी उलटल्यावरही आठवतो. पण तो कोणास सांगितला नाही.

त्या अशिक्षित मावशीस आपण कार्डावर लिहीत आहोत की बंद पत्रात, हे पक्के ठाऊक असे. मी एम.ए. झालेला मुख्याध्यापक, मला माझ्याच टेबलावर ते ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी फोन केला. "अरे, या लॅपटॉपवर तुझं काहीबाही माझ्याकडे येतंय. ते बंद कर." क्षणभर तो बोलला नाही. मग म्हणाला, "काय काय आलं, बाबा?" काही नाही, असे म्हणणे सोपे होते. मी म्हणालो, "एक ओळ वाचली." कोणती, हे त्याने विचारले नाही. थोड्या वेळाने हलकेच म्हणाला, "तुमचंही इकडं आलंय. क्रिएटिनीनचं. आषाढातच."

आषाढात माझा रक्ताचा अहवाल आला होता. मूत्रपिंडाविषयी डॉक्टरांनी काही शंका काढली होती. त्यातील आकडे उचलून मी कोल्हापूरच्या ताईला लिहिलेल्या पत्रात घातले, आणि "घरी कोणास सांगितलेले नाही" हे वाक्यही पत्रातल्या पत्रात उचलून जागा बदलून ठेवले होते. ते वाक्यही गेले. त्या महिन्यात चिरंजीवांचा फोन रोज रात्री येऊ लागला होता. जेवलात का, पाणी पिता का, मीठ कमी केलंत का. वयानुसार मुलगा समंजस झाला, असे मी सौ.ला कौतुकाने सांगत होतो! वस्तुतः तो महिनाभर एकटाच ते ओझे घेऊन बसला होता. विचारावे तर चोरून वाचल्यासारखे, न विचारावे तर चैन नाही. मला राग आला, लाज वाटली, आणि थोडे बरेही वाटले. तिन्ही खरे आहे.

या प्रकरणानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. मार्च २०२० मध्ये टॉमी मिस्क आणि तलाल हाज बक्री या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की, आयफोनवरील अनेक लोकप्रिय ॲप्स उघडता क्षणी क्लिपबोर्डावरील मजकूर वाचीत होती. आणि शेजारचा मॅक त्याच खात्याचा असल्यास त्यावर उचललेलेही त्यांच्या हाती लागे. त्याच वर्षी ॲपलने असे वाचन होताच पडद्यावर सूचना देण्यास आरंभ केला आणि २०२२ पासून परवानगी विचारावयास लावली. अँड्रॉइडने २०१९ मध्येच पडद्याआड चालणाऱ्या ॲप्सना क्लिपबोर्ड बंद केला, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून तो काही वेळाने आपोआप पुसला जाऊ लागला. म्हणजे पाटीला पुन्हा पाटी करण्याचा हा उद्योग आहे.

मजकूर दोन यंत्रांत फिरवावयाचाच असेल, तर एक गोष्ट विचारून घ्यावी. वाटेत तो बंद पाकिटात जातो, हे सर्वच सांगतात. प्रश्न आहे तो पाकीट मधल्या कचेरीत उघडता येते की किल्ली केवळ आपल्या दोन यंत्रांपाशी आहे, हा. पहिल्या प्रकारात आपण कचेरीवर विश्वास टाकीत असतो. तो टाकण्यास हरकत नाही, पण टाकला आहे हे माहीत असावे. केडीई कनेक्टसारखी काही साधने मजकूर बाहेर कोठेही न ठेवता घरातल्या घरात, एकाच वायफायवर, यंत्रापासून यंत्राकडे देतात, आणि त्यांची घडण कोणासही तपासता येते. पण त्यांनीही आमचे दुखणे बरे झाले नसते. दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे कोणतेही कुलूप विचारीत नाही.

शाळेत जाऊन आमच्या कचेरीतील संगणक पाहिला. त्यावर एका तरुण शिक्षकाचे घरगुती खाते उघडे होते, सोयीसाठीच. मजकूर बाहेर पाठविण्याची कळ सुदैवाने बंद होती, पण यादी चालू होती, आणि तीत शिष्यवृत्तीच्या कामातले दोन विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक व एका आईचे बँक खाते. ती कळ चालू असती तर हे सारे गुरुजींच्या घरच्या टॅबवर, त्यांच्या मुलीच्या खेळाशेजारी दिसले असते. त्या पालकांनी क्रमांक शाळेला दिले होते. यादी पुसली, बंद केली, आणि कचेरीसाठी वेगळे खाते काढले. गुरुजी बिचारे ओशाळले. त्यांस काय बोलणार, मी स्वतः काय दिवे लावले होते?

घरच्या लॅपटॉपवरील खाते चिरंजीवांनी फोनवरून सांगत मजकडून बदलून घेतले. अर्धा तास लागला. सौ.ला अहवालाचे सांगणे आता भागच होते. ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक आहे की." अहवालाचे पाकीट मी कपाटात जेथे दडविले होते, तेथेच ती आपल्या बांगड्या ठेवते.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी पुण्याला वाचावयास पाठविला. चिरंजीवांनी दोन वाक्ये काढावयास सांगितली. ती काढली आहेत.