गहाण आणि सोडवणूक

वडिलांविषयी बोलावयाचे झाले की आपल्या समाजात एक प्रसंग हमखास सांगितला जातो. सुभेदार रामजी सकपाळ परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. तेथेच चूल, तेथेच निजणे, तेथेच अभ्यास. भीमरावाने लवकर निजावे, सुभेदारांनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग मुलाला उठवून दिव्यापाशी बसवावे आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी स्वतः अंग टाकावे. मुलाला एखादे पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला, की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, एखादा दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण टाकीत आणि पुस्तक घेऊन घरी येत. १४ एप्रिलच्या सभांतून हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. वर्गात आम्हीही तो तीस वर्षे सांगत आलो.

मात्र सांगणारा बहुधा येथेच थांबतो, आणि आम्हीही थांबत असू. प्रसंग येथे संपत नाही. निवृत्तिवेतन हाती आले की सुभेदार तो दागिना सोडवून आणीत आणि ज्या मुलीचा असेल तिला परत करीत. टाळ्या पडतात त्या गहाण टाकण्याला. सोडवून आणण्याचे वाक्य आले तरी घाईत येते, कारण त्यात नाट्य नाही. वडिलांकडून आपल्याला जे मिळाले त्याचा हिशेब मांडावयाचा असेल, तर तो या दुसऱ्या वाक्यापासून मांडावा, असे आमचे मत आहे.

त्या खोलीत भीमरावाच्या शिक्षणाची किंमत एकट्या सुभेदारांनी मोजली नाही. मंजुळा आणि तुळसा या बहिणींनी अंगावरचे उतरवून दिले. थोरले बंधू आनंदराव यांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. घरात दोघांना शिकविण्याइतका पैसा नव्हता. आई भीमाबाई लवकर गेल्या, तेव्हा पाठीने अधू असलेल्या आत्या मीराबाईंनी ते घर सांभाळले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्या यशामागे इतकी माणसे उभी होती. त्यांपैकी किती जणांची नावे आपल्या मुलांना ठाऊक आहेत? परीक्षेत विचारली जात नाहीत, हे उत्तर पुरेसे नाही. आम्ही इतिहास शिकवितो, तेव्हा दोष प्रथम आमच्याकडे घेतो.

आणखी एक गोष्ट. सुभेदार कडक होते आणि त्यांचा शब्द घरात अखेरचा असे. तरीही महाभारत-रामायण वाचावयास का लावता, असा प्रश्न त्यांना याच मुलाने विचारला. पोरांनी असले काही विचारू नये, सांगितले ते करावे, असे प्रथम उत्तर मिळाले. पुढे मात्र सुभेदारांनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड बसेल, तो द्रोण आणि कर्ण यांच्या उदाहरणाने जावा, हा त्यांचा हेतू होता. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी १९५६ साली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, स्वतःच नोंदविली आहे. वडिलांच्या ऋणाची नोंद आणि त्यांच्याशी असलेल्या मतभेदाची नोंद एकाच हाताने करता येते, हे ज्यांना अजून जड जाते त्यांनी ती प्रस्तावना वाचावी.

आता आमच्या वडिलांविषयी. आमच्या पिढीतील पुष्कळांचे वडील गिरणीत होते. लालबाग-परळचे भोंगे वाजत तेव्हा नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथील चाळींचे जिने एकदम भरून जात. आपली माणसे बहुतेक रिंग खात्यात. विणकाम खात्यात पगार चांगला असे, पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या माणसांनी तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आमचे आजोबा त्या काळचे. वडिलांच्या वेळी भिंती पुष्कळ पडल्या होत्या, तरी खाते बदलले नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा आम्ही सहावीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दोन महिन्यांत मिटेल असे चाळीत सर्वांनाच वाटत होते. दादांनी एक वही केली. वाण्याची उधारी, शेजाऱ्याकडून घेतलेले पन्नास रुपये, गावाकडून आलेले तांदूळ, सर्व काही तीत तारखेनिशी लिहिलेले असे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि दादांची गिरणीही पुन्हा सुरू झाली नाही. पुढे त्यांनी रात्री पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि अकरा वर्षे एकेक ओळ खोडीत गेले. एका देणेकऱ्याचा मृत्यू झाला होता, तर त्याच्या सुनेला शोधून पैसे दिले. हे आम्ही अभिमानाने सांगतो. अधूनमधून ते पीत, हेही सांगितले पाहिजे. त्या वर्षांत चाळीत न पिणारे थोडे होते, आणि त्याचे ओझे कोणी वाहिले हे आमच्या आईलाच विचारावे लागले असते.

दादा गेल्यावर ती वही आमच्याकडे आली. सर्व ओळींवर रेघ मारलेली आहे. आम्ही ती दोनदा वाचली. तीत अक्काचे नाव नाही.

अक्का तेव्हा नववीत होती, हुशार होती, गणितात तर आमच्यापेक्षा कितीतरी पुढे. संपाच्या पहिल्या पावसाळ्यात तिची शाळा बंद झाली आणि ती खोकी चिकटविण्याच्या कामाला लागली. तिच्या पैशांतून आमची फी, वह्या आणि पुढे कॉलेजचा प्रवेश. आम्ही एम. ए. झालो तेव्हा दादांनी चाळीत पेढे वाटले, आणि पेढ्यांचा पुडा सोडावयास अक्काच सासरहून आली होती. दादा अन्यायी गृहस्थ नव्हते. दहा पैशांचे देणे न विसरणारा तो माणूस, पण मुलीचे शिक्षण थांबविणे हे देणे आहे, असे त्यांच्या मनातच आले नाही. म्हणून ते वहीत उतरले नाही. प्रामाणिक माणसाच्या वहीतून जे सुटते ते शोधणे अधिक कठीण असते.

सिगालोवाद सुत्त या प्रसंगी आठवते. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता, कारण वडिलांनी मरताना तसे सांगितले होते. का, हे त्याला ठाऊक नव्हते. तथागतांनी त्या शब्दाला अर्थ दिला. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील, आणि आई-वडिलांची कर्तव्ये कोणती, तर वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळविणे, विद्या-कसब शिकविणे, योग्य विवाह करून देणे, वेळेवर वारसा सोपविणे. ही कर्तव्ये आपण वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर मुलगा असतो की मुलगी, हे ज्याने त्याने तपासावे.

बाबासाहेबांनाही वडिलांचे ऋण वडिलांना फेडता आले नाही. बडोद्यात नोकरीवर असताना तार आली. मुंबईस येताना वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून ते सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. पोहोचले तेव्हा सुभेदारांचे अखेरचे क्षण होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ पुढे आई आणि वडील अशा दोघांच्या स्मृतीस अर्पण झाला. आणि १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह काढले. ज्या मुलांच्या घरी अभ्यासाला दिवा आणि कोपरा नव्हता, त्यांच्यासाठी ते होते. आपले वसतिगृह त्याच परंपरेतील आहे.

येथे दर जून महिन्यात प्रवेशासाठी वडील येतात. मुलाची ट्रंक स्वतः उचलून आणतात, टेबलाशी उभे राहून बोलतात, बसा म्हटले तरी बसत नाहीत. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. अलीकडे मात्र आम्ही अर्ज भरताना एक प्रश्न अधिक विचारतो: याची बहीण कितवीत आहे? काहीजण लगेच सांगतात. काहीजण मुलाकडे पाहतात. गेल्या वर्षी एका पालकांनी क्षणभर थांबून, “सर, तिचं यंदा थांबवलंय,” असे सांगितले आणि पुढे, “एकालाच जमतं,” असे म्हणाले. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. आम्ही आमच्या वडिलांच्या वहीची हकिकत त्यांना सांगितली. पुढच्या आठवड्यात ते मुलीचा दाखला घेऊन आले.

काही वर्षांपूर्वी आम्ही अक्काकडे दहावीचा बाहेरून बसण्याचा अर्ज घेऊन गेलो होतो. तिने तो चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घालून आमच्या हातात परत दिला आणि म्हणाली, “मला आता नको रे. सुनेची बारावी राहिलीय, तिचा भर.” आम्ही तो भरला. सून पहिल्या खेपेस इंग्रजीत राहिली, दुसऱ्या खेपेस सुटली. परीक्षेच्या त्या दिवसांत नातवाला सांभाळायला अक्का केंद्राबाहेर बसत असे.