मध्यस्थाची मर्यादा

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी पायथन ही संगणकभाषा शिकूं लागले आहेत. माहिती व तिच्यावर करावयाच्या क्रिया एकत्र बांधल्या म्हणजे ऑब्जेक्ट होतें. त्या क्रियांस मेथड म्हणतात. एका ऑब्जेक्टाभोंवतीं दुसऱ्याचें वेष्टण घालावें व आलेली मागणी वेष्टणानें आंत पोंचवावी, ही युक्ति मुलांस फार आवडते. तींत श्रम थोडे पडतात. परंतु धोका थोडा नाहीं, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

पायथनमध्यें जें नांव नेहमींच्या शोधांत सांपडत नाहीं, त्यासाठीं 'गेटअ‍ॅट्र' ही मेथड बोलावली जाते; १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या रुबी भाषेंत तशाच कामासाठीं 'मेथड मिसिंग' आहे. तींत दोन ओळी लिहिल्या, कीं वेष्टणास ठाऊक नसलेली मागणी आपोआप आंत जाते.

समजा, गुणपत्रक केवळ वाचतां यावें म्हणून एका मुलानें त्यास असें वेष्टण घातलें. 'गुण बदला' ही मेथड वेष्टणांत मुद्दाम लिहिली नाहीं, आणि तो निश्चिंत झाला. पण जी लिहिली नाहीं, तीच तर आंत पाठविली जाते! गुण बदलतात व वेष्टण मुकाट्यानें वाट देतें. पुढें आंत नवी मेथड कोणी घातली, तर तीही तत्काळ बाहेर खुली होते.

उलट, जें पोंचावें तें सर्व पोंचतेंच असेंही नाहीं. 'लेन' या फंक्शननें लांबी विचारली असतां पायथन उत्तर ऑब्जेक्टाच्या क्लासांत शोधतें. 'गेटअ‍ॅट्र'ला विचारीतच नाहीं. म्हणून आंत यादी असूनही चूक दाखविली जाते.

कोणी म्हणेल, पन्नास नांवें हातानें लिहीत बसावें काय? प्रत्येक मागणीची नुसती नोंद ठेवावयाची असेल, तेथें सरसकट पाठवणी योग्यच होय. परंतु वेष्टण राखणीसाठीं असेल, तर जी जी मेथड द्यावयाची, तिचें नांव स्पष्ट लिहावें. मुद्दाम शोधणाऱ्यास पायथनमध्यें आंतलें ऑब्जेक्ट तरीही सांपडेल, हें खरें. पण नजरचुकीनें होणारें नुकसान टळेल.

पालकांनींही मुलास 'प्रोग्रॅम चालला काय?' एवढेंच न विचारतां, 'त्यांत काय चालतां कामा नये, तें तूं ठरविलेंस काय?' असेंही विचारावें, अशी आमची विनंती आहे.