विश्लेषण : समुद्रात नवख्याचा दोर कोणाच्या हातात? स्कूबा डायव्हिंगमध्ये अनुभवी डायव्हरांची वागणूक का महत्त्वाची?

मालवण-तारकर्लीच्या सहलीत इन्स्ट्रक्टरचा हात धरून पाण्याखाली जाऊन येणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यातले काही जण पुढे रीतसर कोर्स करून प्रमाणपत्र घेतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. अनोळखी बोट, अनोळखी जोडीदार आणि शेकडो वेळा पाण्यात उतरलेले जुने डायव्हर. त्यांनी नवख्याला कसे वागवायचे हा केवळ सौजन्याचा प्रश्न आहे, असे अनेकांना वाटते. तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

विहिरीत पोहायला शिकलेल्याला समुद्रात वेगळे काय?

बावडा, सराटी, नीरा नरसिंहपूर या नीरा-भीमेच्या पट्ट्यात पोहण्याची शाळा म्हणजे विहीर. उन्हाळ्याच्या सुटीत पाठीला सुकलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा अलीकडे प्लास्टिकचा रिकामा कॅन बांधून पोराला पाण्यात सोडतात. कमरेच्या दोराचे दुसरे टोक चुलत्याच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात असते. तो ओरडतो, हसतो, कधी ढकलूनही देतो. पण दोर सोडत नाही. पोर कोणाचे आहे हे त्याला माहीत असते आणि संध्याकाळी त्याच्या आईला तोंड दाखवायचे असते.

या शाळेत तयार झालेला पोहणारा पाण्याला भीत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण त्याची एक सवय स्कूबामध्ये घातक ठरू शकते. विहिरीच्या तळाचा खडा वर आणणारा दम धरतो. स्कूबाचा पहिला नियम याच्या बरोबर उलटा आहे : श्वास कधीही रोखायचा नाही.

कारण साधे आहे. समुद्रात दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १० मीटर म्हणजे सुमारे ३३ फूट, विहिरीच्या भाषेत साधारण सहा परस. तिथे दाब दुप्पट असतो. विहिरीत बुडी मारणाऱ्याने हवा वरून भरून घेतलेली असते. ती खाली आकसते आणि वर येताना मूळ आकाराला येते. स्कूबा डायव्हर मात्र खाली, दुप्पट दाबाची हवा घेत असतो. तो दम धरून वर आला, तर तीच हवा फुप्फुसात दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात आणि तिथून मेंदूकडे जाऊ शकतात. म्हणजे उत्तम पोहणाराही इथे नवखाच असतो. त्याला हे वेळीच सांगणारा कोणीतरी सोबत लागतो.

प्रमाणपत्र नेमके कशाचे असते?

‘पॅडी’ या संस्थेचा ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा जगभर चालणारा प्राथमिक कोर्स. त्यात वर्ग, तलावातला सराव आणि खुल्या पाण्यातील चार डाइव्ह असतात. तो पूर्ण करणाऱ्याची मर्यादा १८ मीटर. पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टप्प्यात ती ३० मीटर होते. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर मानली जाते.

या कार्डाला मुदत नसते. कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद असतो, सुटी मिळेल तेव्हाच जाणे होते. त्यामुळे डिसेंबरात तारकर्लीत कोर्स केलेला तरुण दोन वर्षांनी थेट मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा अंदमानात बोटीवर चढतो. कार्डानुसार तो डायव्हर असतो. हातांना मात्र मास्कमधले पाणी कसे काढायचे हेही पटकन आठवत नाही. वाहनपरवाना मिळाल्यावर दोन वर्षे गाडीच चालवली नाही आणि तिसऱ्या वर्षी थेट घाटात नेली, तसा हा प्रकार.

अनुभवी डायव्हर वैतागतात का?

वैतागतात, आणि त्यामागे गणित आहे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने साधारण २,४०० लिटर हवा मावते. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायची. उरली १,८००. आता सोयीसाठी धरू की नवखा पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर हवा घेतो आणि अनुभवी १४ लिटर. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणून हवाही तितक्याच पट जास्त लागते. नवख्याची हवा सुमारे २६ मिनिटांत राखीव पातळीवर येते. अनुभवी माणसाची ४६ मिनिटे पुरते.

नवखा हवा जास्त का ओढतो? भीतीने श्वास जलद चालतो. तोल सांभाळायला तो हात मारत राहतो. कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसे बांधलेले असते, म्हणून बुडू नये यासाठी सतत धडपडतो. हे सगळे सरावाने जाते. पण सराव होईपर्यंत जोडीदाराची वीस मिनिटे जातात. जोडीचा नियम सांगतो की एकाची हवा संपत आली की दोघांनी वर यायचे. बोटीचे पूर्ण पैसे भरून, वर्षातून एकदाच सुटी मिळालेल्या माणसाला हे सोसत नाही. त्याचा राग खोटा नाही. तो कोणावर काढायचा, हा प्रश्न आहे.

मग नवख्याला कसे वागवले जाते?

बोटीवर नावानंतरचा प्रश्न बहुधा ‘किती डाइव्ह झाल्या?’ हाच असतो. उत्तरावरून माणसाची जागा ठरते. पुढे तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, चेष्टा. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘वर चला’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. नवखा खुशीत अंगठा दाखवतो आणि त्याचा किस्सा दिवसभर बोटीवर फिरतो. दुसरी, दुर्लक्ष. जोडीदार म्हणून नाव लावायचे आणि पाण्यात कॅमेरा घेऊन पुढे निघून जायचे. तिसरी तऱ्हा प्रेमळ दिसते. नवख्याची सगळी साधने आपणच जोडायची, पाण्यात त्याचा हात सोडायचाच नाही. तो सुखरूप वर येतो, पण काही शिकत नाही. पुढच्या बोटीवर तो तितकाच परावलंबी असतो आणि लॉगबुकात मात्र एक डाइव्ह वाढलेली असते.

त्यात एवढे बिघडते काय?

या वागणुकीतून नवखा एकच धडा घेतो : अडचण सांगायची नाही. हवा लवकर संपतेय हे सांगायला त्याला लाज वाटते. कान दुखत असूनही तो खाली जात राहतो. ‘आज मला नको वाटतंय’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’च्या संशोधकांनी हौशी डायव्हिंगमधील ९४७ मृत्यूंचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घटनांत अपघाताची सुरुवात कशाने झाली हे ठरवता आले, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ती श्वासासाठीचा वायू अपुरा पडण्याने झाली होती. हवा अचानक संपत नाही. दाबमापकाचा काटा आधीपासून सांगत असतो. तो वाचून वेळेवर जोडीदाराला दाखवणे एवढेच हवे असते. लाजणारा माणूस नेमके तेच टाळतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील लेक मॅकडोनाल्डमध्ये १८ वर्षांच्या एका तरुणीचा मृत्यू झाला. थंड पाण्यासाठीचा ड्रायसूट तिला नवा होता. सूटमध्ये हवा भरणारी नळी न जोडताच ती पाण्यात उतरली. खोलीवर दाबाने सूट आवळत गेला, तरंगण्याची शक्ती गेली आणि अंगावरच्या शिशाने ती खाली ओढली गेली. त्या वेळी पाण्यात ती एकटी नव्हती. नवख्याला काय विचारायचे हेच ठाऊक नसते. प्रश्न अनुभवी माणसाला सुचायला हवा, हे या घटनेने दाखवून दिले.

पूर्वीही असेच होते का?

जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वा-लंग’ हे श्वसनयंत्र तयार केले आणि हौशी डायव्हिंगची वाट खुली झाली. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’मध्ये जुने सभासद नव्यांना शिकवत आणि पुढे त्यांच्याच सोबत पाण्यात उतरत. शिकवणारा आणि जोडीदार एकाच गोतावळ्यातला असे. पुढे १९६६ मध्ये ‘पॅडी’ आली, कोर्स सुटसुटीत झाले आणि जगभर विकले जाऊ लागले. त्यामुळेच डायव्हिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, हे मान्य करायला हवे. पण एक धागा तुटला. एका गावात शिकलेला नवखा दुसऱ्या राज्यातल्या बोटीवर तिसऱ्याच माणसाचा जोडीदार होतो. त्याला शिकवणारे कोणी तिथे नसते. त्याच्या आईला तोंड दाखवायचे कोणावर नसते. विहिरीवर जे काम नात्याने व्हायचे, ते इथे नियमानेच व्हावे लागते.

हे आत्ताच का महत्त्वाचे?

तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. अशा ठिकाणी चार डाइव्हवाला आणि चारशे डाइव्हवाला एकाच बोटीने येतात. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरण्याचे प्रशिक्षण प्राथमिक कोर्समध्ये नसते. पुढे गेलेल्या अनुभवी माणसाच्या मागोमाग नवखा आत शिरण्याचा मोह तिथे सर्वाधिक असतो.

काय करायला हवे?

बोट सुटण्यापूर्वीच्या सूचनांत एक वाक्य रोज, सर्वांदेखत म्हटले जावे : कोणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कोणी जाब विचारणार नाही. गुहांमध्ये उतरणारे कसलेले डायव्हर हा नियम पाळतात. भित्र्यांसाठी तो केलेला नाही.

दुसरे, जोड्या जमवताना केवळ कार्ड पाहू नये. शेवटची डाइव्ह कधी झाली ते विचारावे. मोठा खंड पडला असेल तर आधी उथळ पाण्यात उजळणी. दीर्घ डाइव्हसाठी पैसे मोजलेल्या दोन अनुभवी माणसांची जोडी वेगळी लावावी आणि नवख्यासोबत गाइड द्यावा. मग कोणाची वीस मिनिटे बुडत नाहीत आणि कोणाला ओझे झाल्यासारखे वाटत नाही.

तिसरे, ज्याने नवख्याचा जोडीदार व्हायचे कबूल केले, त्याने डाइव्हचा वेग आणि खोली नवख्याच्या बेताने ठेवावी. साधने नवख्यालाच जोडू द्यावीत, स्वतः तपासावीत. चूक झाली तर वर आल्यावर बाजूला घेऊन सांगावी.

नवख्याचीही जबाबदारी आहे. डाइव्हची संख्या फुगवून सांगू नये. हवेचा काटा मागण्याआधी स्वतः दाखवावा. कार्डावर १८ मीटर लिहिले आहे म्हणून पहिल्याच दिवशी १८ मीटर गाठण्याचा हट्ट धरू नये.

आज टाकी संभाळून वापरणारा प्रत्येक जुना डायव्हर कधीतरी २६ मिनिटांत वर आलेला असतो, आणि त्याच्यासाठी कोणीतरी आपली उरलेली हवा वाया घालवलेली असते. समुद्रात कमरेला दोर बांधता येत नाही. तिथे जोडीदाराची नजरच दोराचे काम करते. ज्याला ती ठेवायची नसेल, त्याने बोटीवरच तसे सांगून दुसरा जोडीदार घ्यावा. पाण्यात शिरल्यावर दोर सोडण्याचा अधिकार विहिरीवरच्या चुलत्याला नसतो; चारशे डाइव्ह झालेल्यालाही नाही.